ओरालुंबाचा दगड

दादा,

सुट्टीला नात आलीय पुण्याहून, म्हणजे तुमची पणती. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं, म्हणून ही कोण ते सांगायला हवं. माझ्या थोरल्याची मुलगी, नववीत आहे, नाक अगदी आईसारखं. काल दुपारी वीज गेली, पंखा बंद पडला, तेव्हा ही माझ्या शेजारी फरशीवर पडून फोनमधून जगातल्या गावांची गमतीदार नावं वाचून दाखवत होती. अमेरिकेत एका गावाचं नाव ‘कंटाळवाणं’ आहे म्हणे. दुसऱ्या एकाचं नाव ‘काहीच नाही’, आणि आता तिथं खरंच कुणी राहत नाही. त्याच देशात आणखी एका वस्तीचं नाव ‘का’. नॉर्वेत नरक नावाचं स्टेशन आहे आणि हिवाळ्यात तिथं बर्फ पडतो. एका गावाचं नाव एकाच अक्षराचं, आणि एकाचं इतकं लांब की स्टेशनची पाटी भिंतभर करावी लागली. मी म्हटलं, एका अक्षराचं काय कौतुक, आपलं ईट गाव बघ की, दोनात भागवलंय. ती खूप हसली. मग म्हणाली, “आजी, तू तर जन्मभर भूगोल शिकवलास. तुला माहीत असलेलं सगळ्यात भारी नाव सांग ना.” माझ्या तोंडून एक नाव निघून गेलं. पुढं काय झालं ते शेवटी सांगते. पण त्या नावाबद्दल तुम्हाला एक गोष्ट सांगायची माझी राहून गेलीय, पन्नास वर्षांपासून, आणि काल दुपारपासून ती मला जेवू देत नाही. म्हणून हे लिहायला बसलेय.

बहात्तरचा दुष्काळ तुम्हाला मी काय सांगणार. पण माझ्या डोळ्यांनी पाहिलेला तुम्हाला कुठं माहीत आहे? मी अकरा वर्षांची. शाळा नावाला उघडी होती, पोरं सगळी खडीवर. आपल्या वाडीपासून माळावरून दुष्काळी रस्ता निघाला होता. तो ओढा ओलांडून डोंगराकडं जाणार, एवढंच सगळ्यांना ठाऊक. आई आणि मी खडी फोडायला, धाकटी लिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत. ती तेव्हा जेमतेम उभी राहायला लागली होती. तुम्ही मात्र खडीवर नव्हता. तुम्ही बांधकाम खात्याचे रोजंदार, मैलाचे दगड रंगवणारे. खाली पांढरा चुना, वर काळी टोपी, आणि मधे काळ्या रंगानं गावाचं नाव. अक्षर तुमचं असं की शिरोरेघ पट्टी लावून मारल्यासारखी. ते तुम्ही शाळेत नाही शिकलात, चौथीतूनच तुम्हाला काढलं होतं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीचे फलक रंगवता रंगवता हात बसला. ज्या गावांत आपल्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे, त्या गावांची नावं तुम्ही इतकी देखणी लिहायचात, याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा. आता राग येतो. पण तुम्ही कधी त्यावर बोलला नाहीत. तुमचं एकच म्हणणं, औंदा कायम करणार हायत, साहेबाच्या यादीत नाव गेलंय.

त्या रस्त्यावरचे दगड मात्र कोरेच होते. रस्ता कुठं पोचणार हे वरून यायचं होतं, आणि वरून काहीच येत नव्हतं, ना पाऊस ना हुकूम. तुम्ही ते दगड रोवले, चुना दिला, टोप्या रंगवल्या, पुन्हा चुना दिला. बाया त्यांना टेकून भाकरी खायच्या आणि तुमची मस्करी करायच्या. आपली चुलत आजी, जिला अख्खी वाडी नानी म्हणायची, ती तर रोज विचारायची, “काय रं, कुठं निघालाय तुजा रस्ता? सांग की, लुगडं बदलून येते.” एके दिवशी तुम्ही मला म्हणालात, “माय, तुज्या नकाशात लई लांबचं, हसू यील असं नाव हाय का एखादं?” मास्तरांनी शाळेतला जुना नकाशासंग्रह मला वाचायला दिला होता, पोरं नाहीत तर पुस्तक तरी वाचलं जाऊ दे म्हणून. मी सांगितलं, टिंबक्टू. तुम्ही तीनदा म्हणून घेतलंत आणि पहिल्या दगडावर लिहून टाकलंत. बाया पोट धरून हसल्या. कित्येक दिवसांत त्या रस्त्यावर कुणी हसलं नव्हतं. मग तुम्ही मला दोन गोष्टी विचारल्यात, ज्या पुढं प्रत्येक नावाला विचारल्यात. कुठल्या देशात? आणि पाऊस किती? मी पानं उलटून सांगितलं, आफ्रिकेत आहे, वाळवंटाच्या काठाला, पाऊस नसल्यातच जमा. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर टिंबक्टू चुन्याखाली गेलेलं. “आपल्यावानीच हाय म्हनं ते,” तुम्ही म्हणालात. “मग इतक्या लांब कशाला जायाचं?”

तेव्हापासून नियम ठरला. नाव गमतीचं हवं आणि तिथं पाणी हवं. होनोलुलू आलं, झांझिबार आलं, वागावागा आलं, टिटिकाका आलं. चेरापुंजीवर तुमचा विश्वासच बसेना. इतका पाऊस पडतो तर तिथली माणसं धुणं वाळवतात कुठं, असं विचारलंत. टिटिकाका हे डोंगरावरचं तळं आहे असं सांगितल्यावर नानीनं हातोडी खाली ठेवली. “पानी वर चढून बसलंय व्हय? मंग आपलं का चढंना?” अंतराचा आकडा तुम्ही कुठल्याच दगडावर टाकला नाहीत. माणसं हबकतील म्हणालात. आणि गंमत अशी झाली की पंधरा दिवसांत ती नावं खरीच झाली. आज कुठं बसायचं? होनोलुलूला. सुकडीचा खाऊ वाटणारा कुठवर आला? झांझिबार ओलांडलं. पाण्याचं बॅरल घेऊन येणारा गाडीवान लांबून ओरडायचा, वागावागाच्या बाया आधी या. आई एरवी तुमच्या असल्या खेळाला येडपटपणा म्हणायची, पण तीसुद्धा मला सांगायची, “जा, टिटिकाकापाशी फडकं राह्यलंय, घिऊन ये.” मी पुढं तीस वर्षं मुलांना नकाशे पाठ करायला लावले. जगाचा भूगोल इतका आपला झालेला मी पुन्हा कधी पाहिला नाही.

धाकटीला हगवण लागली ती त्या बॅरलच्या पाण्यानं की कशानं, कोण सांगणार. अशी बरीच लेकरं गेली तेव्हा. तुम्ही तिला खांद्यावर टाकून ईटला नेलंत, डॉक्टर भूमला गेला होता, तुम्ही तसेच बसून राहिलात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तशीच परत घेऊन आलात. रस्त्याच्या कडेला, शेवटच्या दगडापासून चार पावलांवर, तिला पुरलं. त्या दगडावर अजून काही लिहिलेलं नव्हतं. आई रडली नाही. रिकाम्या झोळीच्या गाठी सोडल्या, फडकं घडी करून कमरेला खोचलं, आणि हातोडी घेऊन खाली बसली. चार दिवस ती कुणाशी एक शब्द बोलली नाही. मुकादमानं जेवायची सुट्टी सांगितली तरी तिचा हात थांबायचा नाही. नानीनं तिच्या हातातली हातोडी काढून घेतली तर ती रिकामाच हात वरखाली करत राहिली. ते मी पाहिलंय, दादा. तुम्ही तेव्हा पाठ करून चुना कालवत होता. मुद्दामच पाठ केली होतीत.

पाचव्या दिवशी सकाळी तुम्ही मला शेवटच्या दगडापाशी बोलावलंत. ब्रश धुऊन तयार होता. “माय, इथं लई चांगलं नाव पाहिजे,” तुम्ही म्हणालात. “लई पान्याचं. बारमाही पान्याचं. तुजी आई रोज हितं बसनार.” पुस्तक माझ्याजवळ नव्हतं. आदल्याच दिवशी मास्तर ते घेऊन गेले होते, तपासणी होती शाळेची. मी सांगायला हवं होतं की पुस्तक नाही, उद्या सांगते. तोंडपाठ नावं मला दहा होती, त्यातलं एखादं सांगता आलं असतं. पण त्यातल्या कुठल्याच गावाला मी बारमाही म्हणू शकत नव्हते, आणि तुम्ही असे माझ्या तोंडाकडं बघत होता की मला उद्या म्हणवेना. मी म्हटलं, “ओरालुंबा.” कुठून आलं कुणास ठाऊक. तुम्ही विचारलंत कुठल्या देशात. मी म्हटलं, ब्राझील, तिथं मोठी नदी आहे एवढं मला आठवत होतं. पाऊस किती? मी म्हटलं, “तिथं रोज पडतो. दुपारी येतो, तासभर पडतो आणि जातो. सगळ्यांचे रांजण भरलेले असतात. कुणाला पाण्याला जावंच लागत नाही.” तुम्ही मान हलवलीत आणि लिहायला बसलात. इतक्या सावकाश तुम्ही कुठलंच नाव लिहिलं नव्हतं. ‘ओ’चा काना द्यायलाच केवढा वेळ घेतलात.

आणि आई बोलली. ते नाव वाळत होतं, ती तिथं येऊन बसली, आणि मला म्हणाली, “काय लिवलंय?” मी सांगितलं. “कसंय तितं?” मी सांगितलं. मग मी रोज सांगत गेले. ओरालुंबात घरांची छपरं पानांची असतात. विहिरी नाहीत, लागतच नाहीत. लेकरं नदीत खेळतात आणि त्यांना कुणी ओरडत नाही. आई ऐकत खडी फोडायची आणि मधेच विचारायची, “थंडी लागत नसंल न्हवं लेकरास्नी, भिजून?” मी म्हणायचे, नाही, तिथलं पाणी कोमट असतं. इतकं खोटं मी कधीच कुणाला सांगितलं नाही. पण आई जेवायला लागली होती, म्हणून मी सांगत राहिले. आता तुम्हीच म्हणाल, मग त्यात काय चुकलं? तिथवर काही चुकलं नाही, हे मलाही माहीत आहे. चूक पुढची आहे.

मुकादम आपलाच माणूस, दुसरी पास. हजेरीच्या कागदावर काम कुठं झालं ते लिहायचं असतं, तर तो बिचारा सगळे म्हणत तेच लिहायचा. ‘होनोलुलू ते वागावागा मुरूम पसरला.’ ‘टिटिकाका येथे मोरीचे काम.’ एकदा म्हणे ‘झांझिबारला गाढवे कमी पडली’ असंही लिहून पाठवलं. तालुक्याला ते कागद दोन-तीन आठवडे कुणी वाचलेच नसावेत. मग कुणीतरी वाचले, आणि एक दिवस जीप आली. साहेब तरुण होता, गॉगलवाला, वाईट नव्हता. पहिले दोन-तीन दगड वाचून त्याला हसू आवरेना. पण आठवड्यानं मुंबईहून मोठे साहेब रस्ता बघायला येणार होते. “हे सगळं पुसून टाका,” तो म्हणाला. “कुणी रस्ता चुकेल.” तुम्ही हात जोडून म्हणालात, “सायब, ह्या रस्त्यानं चुकायला तरी कोन जातंय?” त्यावरही तो हसला. तुम्ही बादली घेतलीत आणि त्याच्या देखतच पुसायला लागलात. होनोलुलू गेलं. झांझिबार गेलं. चेरापुंजी, वागावागा, टिटिकाका गेलं. बाया हातोड्या थांबवून बघत होत्या. नानी म्हणाली, “बुडालं की गा समदं जग.” मग तुम्ही शेवटच्या दगडापाशी आलात आणि बादली खाली ठेवलीत.

“येवढं ऱ्हाऊ द्या, सायब.”

“का? त्यात काय आहे?”

“माजी धाकली हाय तितं.” तुम्ही दगडामागची मातीची ढिगोळी दाखवलीत. साहेबानं गॉगल काढला, दगडावरचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं. मग हळू आवाजात म्हणाला, “बाकीची गावं तरी खरी होती. हे कुठलं?”

“ब्राझीलचं हाय, सायब. बारमाही पावसाचं.”

“अशी काही जागा नाही. मी भूगोल घेऊन बीए झालोय.”

तेव्हा तुम्ही ताठ उभे राहिलात. साहेबासमोर तुम्हाला ताठ उभं राहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. “तुमच्या नकाशात नसंल, सायब. माज्या पोरीच्या पुस्तकात हाय.” आणि माझ्याकडं वळून म्हणालात, “सांग गं माय.”

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. नानी, मुकादम, आई. साहेबसुद्धा, आणि त्याच्या नजरेत मला स्पष्ट दिसलं की त्याला कळलंय. तो माझ्या तोंडून नाही ऐकायला थांबला होता. मी नाही म्हणाले असते तर त्याचं काम सोपं झालं असतं, तुम्ही शरमेनं का होईना तो दगड पुसला असता, आणि तुमचं नाव यादीत राहिलं असतं. मी अकरा वर्षांची होते, अगदीच बाळ नव्हते. मला हे सगळं तिथल्या तिथं कळत होतं. पण आई माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, “व्हय. हाय.”

साहेबानं जास्त काही केलं नाही. मोठे साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी दुसऱ्या माणसाकडून दगडाला चुना लावून घेतला, आणि ते लोक गेल्यावर तुम्ही पुन्हा नाव लिहिलंत. पुन्हा चुना, पुन्हा नाव. तीनदा असं झालं. तिसऱ्यांदा मुकादम येऊन खाली मान घालून म्हणाला की उद्यापास्नं तुमचा रोज बंद, यादीतलं नावबी काढलंय म्हनं. तुम्ही ब्रश त्याच्या हातात दिलात. घरी येऊन आईला एवढंच म्हणालात की आता खडीवर दोघं बसू. मी चुलीपुढं भाकरी उलटत होते. तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. भाकरी करपली म्हणून आई ओरडली, आणि मी तेवढ्यावर रडून घेतलं.

पुढच्या साली पाऊस आला आणि रस्ता ओढ्यापाशी आला तिथंच राहिला. आपण ढोकीला गेलो. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बैलगाड्यांवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नंबर टाकायचं काम तुम्हाला मिळालं. नुसते आकडे. नाव लिहायचं काम तुम्हाला पुन्हा मिळालं नाही. आपण उसाच्या पाचटाच्या कोपीत राहायचो, आणि हंगामभर सगळ्या कपड्यांना मळीचा वास यायचा. सामान घेऊन ढोकीला निघालो त्या दिवशी एसटीत तुम्ही मला विचारलं होतंत, “माय, त्या पुस्तकातलं ते पान मला येकदा दाव की. ब्राझीलचं.” मी म्हणाले, “ते पान फाटलं, दादा.” तुम्ही खिडकीबाहेर बघतच म्हणालात, “फाटायचंच. किती हात लागले आसतील त्याला.” एका खोट्याला दुसरं खोटं जोडायला मला एका श्वासाइतकाही वेळ लागला नाही.

डीएडला नंबर लागून मी धाराशिवला निघाले, तेव्हा तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक माझ्या पिशवीत घातलंत. नवा कोरा नकाशासंग्रह, रंगीत, सोलापूरहून आणलेला. आपल्या घरात आलेलं पहिलं नवं पुस्तक. तुम्ही म्हणालात, “आता मास्तरीन होनार, तर सोताचं पायजे.” त्यात कोरं काहीच नव्हतं हे मला आईनं नंतर सांगितलं. पुस्तक दोन महिने आधीच आलं होतं. काम नसलं की तुम्ही ते मांडीवर घेऊन बसायचात आणि एकेका नावाखाली बोट ठेवत, अक्षर जुळवत, सगळं जग वाचायचात. मागची नावांची यादीसुद्धा. “दोन महिनं,” आई म्हणाली. “जेवायला हाक मारली तरी वर बगत नव्हते.”

आता ते सांगते, जे तुम्हाला कधी कळू दिलं नाही. वसतिगृहात पहिल्याच दिवशी मी ते पुस्तक उघडलं. आधी ब्राझीलचंच पान काढलं, हे वेगळं सांगायला नको. मोठ्या नदीच्या वरच्या अंगाला, जिथं हिरवा रंग सगळ्यात गडद आहे, तिथं काळ्या शाईचा एक बारीक ठिपका होता. आणि ठिपक्याशेजारी, छापलेल्या अक्षरांहून लहान, तुमच्या हातची सरळ शिरोरेघ. ओरालुंबा.

मी पुस्तक मिटलं. त्यानंतर तुम्ही चार वर्षं होता. सुट्टीला मी घरी यायचे, तुमच्या पाठीला तेल चोळायचे. तुमचा दमा वाढत होता, रंगाच्या आणि उसाच्या भुशाच्या वासानं रात्रभर खोकायचात. आपण खूप बोलायचो. पाऊस, हंगाम, माझी नोकरी. ते पान मी पाहिलं असं मी म्हणाले नाही, आणि तुम्हीही कधी विचारलं नाहीत की पुस्तक चाळलंस का. पन्नास वर्षं होत आली, दादा, आणि मला अजून कळत नाही. सगळं जग वाचून झाल्यावर तुम्हाला समजलं होतं का, की पोरीनं थाप मारली होती, आणि त्या थापेवर आपण भाकरी गमावली? आणि समजूनही तुम्ही ते नाव तिथं लिहून मला माफ केलंत? की तुमचा विश्वास तेव्हाही तसाच होता, आणि नकाशा छापणाऱ्याच्या हातून राहून गेलेलं एक गाव तुम्ही फक्त दुरुस्त केलंत? पहिलं असेल तर मी तुमच्या पाया पडायला हवं होतं. दुसरं असेल तर काय करायला हवं होतं, हे मला सुचतच नाही. एक प्रश्न विचारला असता की कळलं असतं. तो विचारायला चार वर्षं होती. मी जन्मभर पोरांना सांगत आले, शंका असेल तर हात वर करा.

गेल्या महिन्यात त्या रस्त्यावरून गेले. ओढ्यावर पूल झालाय, डांबर पडलंय, दगड एकही नाही, सगळीकडं नव्या पाट्या. शेवटचा दगड कुठं होता ते मला नेमकं सापडलं नाही. म्हणजे धाकटीसुद्धा सापडली नाही. एक म्हातारा शेळ्या चारत होता, त्याला विचारावंसं वाटलं, पण काय म्हणून विचारणार? बाभळीखाली जरा वेळ बसले आणि परत आले. आईला जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. ते नाव ठाऊक असलेलं मी सोडून कुणी उरलेलं नाही.

हे कागद मी तुमच्या त्या पुस्तकात, त्याच पानात घालून ठेवणार आहे. पाठवण्यासारखी जागा तेवढीच आहे. पण आधी कालचं सांगून टाकते. नातीनं विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ओरालुंबा. तिनं लगेच फोनवर टाकून पाहिलं. एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत, मग निरनिराळ्या तऱ्हेनं. वीज आली, पंखा सुरू झाला, तरी ती शोधतच होती. शेवटी म्हणाली, “आजी, असं गावच नाहीये.” किती सोपं होतं, दादा. चौदा वर्षांची पोर, समोर दुसरं कुणी नाही, कुणाचा रोज जाणार नव्हता. नाही म्हणायला माझं काहीच जात नव्हतं.

मी म्हणाले, “तुझ्या फोनमध्ये नसेल.”